अक्का, तुरी गोळी घेईना

अक्का, तू गेलीस त्या दिवसापासून तुझी मांजर गोळी घेईना. लोण्यात लपवून दिली, तर लोणी चाटून गोळी फरशीवर. खव्यात दिली, तर खवा पोटात आणि गोळी दिवाणाखाली. माझ्या बायकोनं, सुमंगलनं, तिला टॉवेलात गुंडाळून धरलं आणि मी तोंड उघडायला गेलो, तर हातावर असे ओरखडे उमटले की दुकानात आलेलं गिऱ्हाईक विचारतं, "मालक, बाभळीत पडलाव का?" तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. आम्हाला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या डॉक्टर रुबिनानं तुझ्यासमोरच बजावलं होतं की ही गोळी जन्माची आहे, मध्येच सोडली तर थोड्याच दिवसांत दुखणं पुन्हा उसळेल, आणि ते म्हाताऱ्या काळजाला किती सोसेल सांगता येत नाही.

बाकीचं लोक बोलून गेले. हिमायतनगरच्या शाळेतली तुझी मुलं आता पोक्त झालीत, ती लातूरपर्यंत आली आणि तू गणित कसं शिकवायचीस ते मलाच सांगत बसली. मी मान डोलावली. मला त्या गोष्टी तुला पुन्हा सांगायच्या नाहीत, तुला त्या माहीत आहेत. मला तुरीबद्दल बोलायचंय, कारण आपलं भांडण तिच्यापाशी येऊन अर्धवट राहिलंय, आणि भांडण अर्धवट सोडायची तुझी पद्धत नव्हती.

निवृत्त होऊन तू एसटीतून उतरलीस तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात तोंड बांधलेली पिशवी. पिशवी हलत होती. मी म्हटलं, "कोंबडी हाय का आत?" आपल्या लिंगायताच्या घरात हा प्रश्न विचारल्याबद्दल तू मला उतारूंसमोर झापलंस. आत तुरीच्या डाळीच्या रंगाचं मांजराचं पिलू होतं. तू धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या, घराच्या वरच्या मजल्यावर राहायला लागलीस, खाली माझं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, आणि जिन्यावर तुरीचं राज्य. धरायला गेलं की ती हातावर तुरी देऊन पसार व्हायची, त्यामुळं नाव बदलायचं कारणच पडलं नाही.

वर्षं गेली. तू सत्तरीपार झालीस, ती बारा-तेराची झाली. मांजरांच्या हिशेबानं ती तुझ्याहून थोरली, असं तूच सांगायचीस. मग एका उन्हाळ्यात ती अचानक बदलली. दिवसभर गोणपाटावर झोपणारी तुरी जिन्यावर खालीवर पळायला लागली. काटवटीतली भाकरी पळवायची, दूध संपलं की रिकाम्या वाटीशी ओरडायची, बादलीत तोंड घालून पाणी प्यायची. भर दुपारी भिंतीकडं तोंड करून घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगत बसायची. खाल्लेलं मधूनच दिवाणावर ओकायची. एवढं खाऊन अंग मात्र उतरत चाललं होतं. पाठीवरून हात फिरवला की मणका न मणका लागायचा, आणि कधी काळी चकाकणारे केस गुठळ्या होऊन उभे राहिले होते.

आपल्या घरात त्यावर तीन मतं पडली. तू म्हणालीस, "बघ, म्हातारपणी कशी तरणी झालीय. भूक लागायलीय म्हंजे तब्येत सुधरायलीय." सुमंगल म्हणाली, नजर लागली, आणि तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी म्हटलं, "वय झालंय तिचं, अक्का. वाळणारच." तिघांनीही आपापलं मत ठासून मांडलं आणि तिघंही चुकलो होतो. गंमत अशी की अशा आजारात बहुतेक घरांत हेच होतं, हे मला नंतर रुबिनानं सांगितलं. मांजर मलूल होऊन पडली तर माणूस धावतो. खाते-पिते-पळते म्हटल्यावर कोण कशाला दवाखान्यात नेईल?

खरं काय ते तुझ्या बोटानं शोधलं. सकाळी अंघोळ झाली की तू पाटावर बसायचीस, डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचीस, पाणी, बेलपान, आणि मग किती तरी वेळ नुसती नजर लावून बसायचीस. तुरी तुझ्या मांडीला टेकून. पूजा झाली की आधी स्वतःच्या कपाळाला विभूती, मग गळ्याला, आणि उरलेली तिच्या कपाळाला आणि गळ्याला. मी चेष्टा करायचो, "तिला दीक्षा कधी दिलीस?" तू म्हणायचीस, "तुला दिली होती, काय उजेड पाडलास?" त्या दिवशी विभूती लावताना तुझं बोट तिच्या गळ्याशी थांबलं. तू मला वर हाक मारलीस. श्वासनळीच्या बाजूला, कातडीखाली, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाखालून निसटत होतं. छातीवर तळवा ठेवला तर शिलाई मशीन चालू असल्यासारखं काळीज धडधडत होतं.

तिला आपण आधी जनावरांच्या दवाखान्यात नेलं, म्हशींच्या रांगेत. सगळ्या रांगेत शिंगं नसलेलं पेशंट एकच होतं. जंताचं औषध मिळालं, तू ते नेमानं पाजलंस, फरक पडला नाही. मी म्हटलं, थोडे दिवस बघू. तू चप्पल घालतच म्हणालीस, "जंतानं गळ्यात गाठ येत न्हाई. ऑटो बोलव."

रुबिना नांदेडकडची. कोचिंग क्लासच्या गल्लीत तिचा छोटा दवाखाना, कुत्र्या-मांजरांचाच. तिनं तुरीची मान वर केली, दोन बोटं गळ्यावरून हलकेच खाली सरकवली आणि छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "अक्का, हिचं काळीज तर नुसतं पळून राहिलंय. वयाची मांजर, भूक जबर, अंग उतरलेलं, गळ्यात गाठ. मला थायरॉईड वाटून राहिला. पण नुसत्या वाटण्यावर औषध द्यायचं नसतं. साखरेच्या आजारात बी असंच होतं, किडनीच्या बी. रक्त तपासून घेऊ, मग बोलू." रक्त हैदराबादला गेलं. येईपर्यंत तू रोज दुकानात येऊन मला विचारायचीस, फोन आला का, जणू तपासणी माझ्याच दुकानात चालू होती.

आला तो थायरॉईडच. गळ्यातली ती ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस सोडत होती आणि त्या रसानं सगळं शरीर चाबूक मारल्यासारखं धावत होतं. औषध होतं, पण ते इथल्या मेडिकलमध्ये संपलेलं, मागवावं लागणार होतं. आणि इथं अक्का, तू तो पराक्रम केलास जो गणिताची बाईच करू शकते.

तुला स्वतःला थायरॉईड. रोज सकाळी उपाशीपोटी तुझी ती इवलीशी पांढरी गोळी. तुझ्या ताटात जे येईल त्यातलं तुरीच्या वाटीत जायचं, हा तुझा नेम. दूध आलं तर दूध, दशमी केली तर दशमीचा तुकडा, प्रसाद असला तर प्रसाद. मग गोळी कशी चुकेल? तू मला काही बोलली नाहीस. त्रैराशिक मांडलंस. माझं वजन इतकं तर गोळी एवढी, तुरीचं वजन इतकं तर केवढी? ब्लेडनं गोळीचा कण काढायचीस आणि लोण्यात घालून द्यायचीस. पुढच्या काही सकाळी तेच चाललं. तुरी तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तेव्हा आपण पुन्हा रुबिनाकडं पळालो.

रुबिनानं छाती ऐकली आणि विचारलं, "घरी काही दिलं का?" तू सरळ सांगितलंस. तू कधी काही लपवलं नाहीस, हे मी भांडतानासुद्धा मान्य करत आलोय. रुबिना अगदी शांतपणे म्हणाली, "अक्का, नाव एकच हाय, पण दुखणं उलटं. तुमची चूल विझायला आलीय म्हणून तुम्ही रोज फुंकणी मारता. हिची चूल आधीच भडकलेली. तुम्ही तिच्यात रॉकेल टाकलं." मला वाटलं, आता तू रडशील. तू चष्मा काढलास, पुसलास, पुन्हा घातलास, आणि म्हणालीस, "म्हंजे त्रैराशिक व्यस्त होतं. मी सम धरलं."

रुबिनाला कळलं नाही. मला कळलं, कारण त्या व्यस्त त्रैराशिकावर तू माझ्या पाठीत धपाटे घातले होतेस. परतताना ऑटोमध्ये तू तुरीच्या टोपलीवर हात ठेवून बसली होतीस. तेव्हा मी तुला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, पण आपल्या घरात चांगलं बोलायची पद्धत नाही. मी म्हटलं, "मास्तरीण बाई नापास." तू हसलीस. तेवढंच.

पण नंतर तू त्या चुकीचं काय केलंस, ते मी लोकांना सांगतो. गल्लीत कुणाच्या दारात म्हातारी मांजर दिसली की तू थांबायचीस, मान वर करून गळा चाचपायचीस, आणि घरच्यांना ऐकवायचीस, "लई खाती आणि वाळती, असं झालं तर वय म्हणून सोडू नका. रक्त बघा. आणि आपली गोळी जनावराला देऊ नका, मी देऊन बसलीय." स्वतःचीच चूक तू फळ्यावर लिहून शिकवलीस.

खरं औषध आलं. सकाळ-संध्याकाळ, पूजा आटोपून विभूती लावली की लोण्यात घालून, नेमानं. सुरुवातीला तुरीनं जेवण सोडलं, ओकली, तर रुबिनानं मात्रा कमी करून हळूहळू वाढवली. औषध बाधून तोंड खाजवते का, मलूल पडते का, याच्यावर तुझा डोळा. गोळीचा अंश आपल्या पोटात जाऊ नये म्हणून गोळी दिली की तू साबणानं हात धुवायचीस आणि मलाही धुवायला लावायचीस, मी नुसता बघत उभा असलो तरी. थोड्या आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि किडनीचंही, कारण शरीर पळत असतं तोवर किडनीचं दुखणं झाकून राहतं आणि औषधानं पळणं थांबलं की उघडं पडतं. तुरीची किडनी वयाच्या मानानं ठीक निघाली. ऑपरेशन करून गाठ काढता येते, कुठं कुठं एका विशेष इंजेक्शननं ती जाळतातही, पण ते आपल्या भागात नाही, असं रुबिना म्हणाली. तू म्हणालीस, "गोळीच बरी. तेवढीच तिची आणि माझी भेट."

वजन करायला तू तिला माझ्या दुकानात आणायचीस. ज्या काट्यावर मी नट-बोल्ट तोलतो त्याच्यावर घमेलं, घमेल्यात तुरी, आणि भोवती ट्रॅक्टरचा गिअर घ्यायला धर्माबादहून आलेले शेतकरी. "वाढलं का?" तेच तुला विचारायचे. वाढलं की तू माझ्याच गल्ल्यावरच्या डब्यातल्या लिमलेटच्या गोळ्या सगळ्यांना वाटायचीस. आणि ते पाकिटातलं खाणं. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही, असं रुबिनानं सांगितल्यावर तू पाकीट आणलंस. त्याच्यावर माशाचं चित्र होतं. तू चष्मा काढून ठेवलास आणि म्हणालीस, "मला काई वाचता येईना." असला सोयीचा मोतीबिंदू मी दुसरा पाहिला नाही.

तिच्यावरून आपण खरंच भांडलो ते एकदाच. मी म्हटलं होतं, "पिकलं पान हाय. कशाला दोन्ही वेळा तिच्या तोंडात बोटं घालायलीस? सुखानं जाऊ दे." तू इतकी चिडलीस की भाकरी थापायची थांबलीस. "म्हातारं होणं वेगळं आणि आजारी पडणं वेगळं," तू म्हणालीस. "वय झालं म्हणून सोडायचं असंल तर मला बी सोड की. माझी बी गोळी बंद कर." त्यानंतर तुरी अंगानं भरली, केस पुन्हा चकाकले, दुपारी गोणपाटावर आडवी पडायला लागली. ती झोपायला लागली याचा एवढा आनंद कुणाला झाला असेल तर तो आपल्याला. मी चुकलो होतो आणि तू बरोबर होतीस, हे तू असताना म्हटलं नाही. आता म्हणतो.

दुसरं भांडण मात्र जुनंच. पूजेचं. माझं इष्टलिंग चांदीच्या डबीत, देवघराच्या खुंटीला, कित्येक वर्षं. तू रोज जिना उतरताना टोमणा मारायचीस. "दुकानाचं शटर रोज उघडतोस, डबी उघडायला हात दुखतो का?" मी म्हणायचो, माझी पूजा काउंटरवर होते. तू म्हणायचीस, काउंटरवर लक्ष्मी येते, शिव येत न्हाई. शेवटच्या संध्याकाळीही तेच. मी जेवत होतो, तू जिन्याच्या कठड्याला धरून उभी होतीस. "कवा बसणार हायस पूजेला?" मी म्हटलं, "अक्का, मला जेवू दे." तू म्हणालीस, "बरं, उद्या बोलू." आणि सकाळी तू उठली नाहीस.

तुला आपल्या रीतीनं बसवून मातीत ठेवलं. तुझं इष्टलिंग तुझ्या तळहातावर ठेवलं, ते तुझ्यासोबत गेलं. घरी आलो तर तुरी तुझ्या पाटाशी बसलेली, पाट भिंतीला टेकून ठेवलेला, आणि ती त्याच्याकडं बघत होती. मला तिथं उभं राहवलं नाही. मी खाली आलो.

आणि मग गोळीचा तो सगळा तमाशा. काही केल्या ती घेईना. दिवस जात होते, ती पुन्हा जिन्यावर पळायला लागली, वाटीशी ओरडायला लागली. मी तिच्या छातीवर हात ठेवून पाहिला. ते शिलाई मशीन पुन्हा चालू झालं होतं. मी रुबिनाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, मांजर सवयीचं जनावर. अक्का कशी द्यायच्या? काय काय करायच्या? जसंच्या तसं करा. फिकर नका करू, घेईल."

जसंच्या तसं. मी पाटाकडं बघितलं, मग सुमंगलकडं बघितलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिला माझ्याआधी कळलं होतं.

अंघोळ करून मी पाट मांडला. तुझं लिंग तुझ्यासोबत गेलेलं, त्यामुळं डबी माझीच उघडावी लागली. झाकण घट्ट बसलं होतं, दुकानातून पकड आणली. तळहातावर घेतलं, पाणी घातलं, बेलपान ठेवलं. मंत्र अर्धाच आठवला, तो अर्धाच म्हटला. मग नजर लावून बसलो, कारण तू बसायचीस. डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिंग दिसेना, तरी बसलो. थोड्या वेळानं मांडीला काहीतरी ऊबदार टेकलं. मी हललो नाही. विभूती कपाळाला लावली, गळ्याला लावली, आणि मग वाकून तिच्या कपाळाला. तिनं मान आपणहून वर केली. गळ्याला लावताना बोटाखाली तो दाणा लागला. होता तेवढाच. मी लोण्याचा गोळा पुढं केला आणि तिनं तो गिळला, गोळीसकट, आणि मिशा चाटल्या. मी उठून साबणानं हात धुतले.

संध्याकाळीही तसंच, कारण संध्याकाळीही तुझी पूजा असायची. आता रोज दोन वेळा. गोळी सुटली तर तुरी जाईल, आणि तुरी गेली तर तुझ्या खोलीचं दार उघडायला मला काही निमित्त राहणार नाही. तेव्हा पूजा सुटणार नाही. शांत झालीय ती. काल रुबिनानं छाती ऐकली आणि मान हलवली, ठीक आहे म्हणाली. वजन आज काट्यावर केलं. धर्माबादचे लोक होते, त्यांनीच विचारलं, मी गोळ्या वाटल्या.

सकाळी दुकानात तसाच उतरतो, कपाळावर विभूती. गिऱ्हाईकं बघतात. कालच एक जण म्हणाला, "मालक, आता पूजेला लागलाव का?" अक्का, मी त्याला म्हटलं, "न्हाई हो. मांजराचं औषध हाय." आणि पुसली नाही.